ओकखालची मुकी जमीन

"माझ्यावर चोरीचा आळ आलाय," राल्फ थर्टल खुर्चीच्या कडेवर बसत म्हणाला, "आणि चोरीला तर काहीच गेलेलं नाही. अशी कामं तुम्ही घेता का?"

"अशीच घ्यायला आवडतात," मॉड लार्टर म्हणाल्या. "बर्नर्ड, चहा ओत."

लार्टरबाईंची कचेरी बाजारपेठेत, बेकरीच्या वरच्या मजल्यावर होती. चाळीस वर्षं त्यांनी जमिनींची मोजणी केली होती आणि गेली अकरा वर्षं त्या लोकांच्या अडचणी सोडवत होत्या. बर्नर्ड मॉब्ज हा त्यांचा मदतनीस. पूर्वी तो या भागातला पोस्टमन होता. कोणाचं घर कुठे आणि कोणाचा कुत्रा चावरा हे त्याला तोंडपाठ असे. मात्र दोन आणि दोन चार व्हायला त्याला जरा वेळ लागायचा.

राल्फ सदुसष्ट वर्षांचा, हाडापेराने मोठा माणूस होता. त्याने काठी गुडघ्यांमध्ये धरली होती.

"विंटरलीच्या कॅचपोलबाईंचं कुरण आहे," तो सांगू लागला. "तिथे मी बावीस वर्षं जुनी नाणीबिणी शोधत मेटल डिटेक्टर फिरवतोय. त्यांच्या यजमानांनी, वॉल्टरनी, हातात हात देऊन परवानगी दिली होती. कागद नाही, काही नाही. मेंढ्या व्यायला लागल्या की जायचं नाही, खड्डा बुजवायचा, सापडेल ते दाखवायचं. वॉल्टर गेले, पण बाईंनी परवानगी तशीच चालू ठेवली."

"आणि आता?"

"शनिवारी सकाळी फाटकाजवळ उघडा खड्डा सापडला. त्यात एका मेंढीचा पाय गेला. मोडला. तिला मारावं लागलं. खड्ड्यात माझं खुरपं होतं. मुठीला लाल टेप गुंडाळलेलं. ती टेप माझ्या बायकोने, नोराने, गुंडाळली होती, जायच्या आदल्या वर्षी."

"म्हणजे खुरपं तुमचंच."

"माझंच. पण खड्डा माझा नाही! सप्टेंबरात माझं खुब्याचं ऑपरेशन झालं. दोन महिने मी अंथरुणात होतो. आता कुठे डॉक्टरांनी मोकळं सोडलं. गुरुवारी बाईंना फोन केला, सोमवारपासून येतो म्हणून. शनिवारी हे झालं. तेव्हापासून त्या मला मिस्टर थर्टल म्हणतात."

"पूर्वी काय म्हणायच्या?"

"राल्फ."

बर्नर्डने हळूच त्याच्यासमोर चहाचा कप सरकवला.

"हे खुरपं शेवटचं कधी पाहिलंत?" लार्टरबाईंनी विचारलं.

"ऑपरेशनच्या आधी. सामान सगळीकडे विखुरलंय. थोडं घरी, थोडं गावच्या हॉलमधल्या कपाटात, थोडं डेसमंडच्या व्हॅनमध्ये. डेसमंड बन माझा दोस्त. रविवारी आम्ही बरोबरच जातो, कधी त्याला परवानगी असलेल्या शेतावर, कधी तिसऱ्याच्या. हे काम त्याला मीच शिकवलं. इस्पितळात तर रोज संध्याकाळी यायचा, संत्री घेऊन. मी बिछान्यात पडलेला, आणि आम्ही बेत करायचो. ओढ्याकाठी ओकच्या झाडाखालचा कोपरा मी बावीस वर्षं राखून ठेवला होता. तिथे कायम पाणी असतं. या उन्हाळ्याच्या अखेरीस तो पहिल्यांदा वाळला. म्हटलं, उठलो की आधी तोच."

"तुम्हाला नक्की काय हवंय, मिस्टर थर्टल? खड्डा कोणी खणला ते?"

"बाईंनी मला पुन्हा राल्फ म्हणावं," तो म्हणाला. "बाकी मला काही नको."

*

कॅचपोलबाई बुटक्या, ताठ पाठीच्या होत्या. दारातच उभ्या राहून त्या बोलल्या. पायरीशेजारी ट्युलिपच्या कंदांची एक पेटी पडली होती.

"मला वाईट वाटतं ते मेंढीचं नाही," त्या म्हणाल्या. "मेंढ्या मरतात. पण वॉल्टरने ज्या माणसाला हात दिला, त्याने माझं फाटक उघडून, न विचारता, न सांगता... जाऊ दे. किल्ली घ्या."

किल्ली एका जुन्या पत्र्याच्या बिल्ल्याला अडकवलेली होती. बोटाच्या पेराएवढा बिल्ला, कडेला दोन खाचा.

"हे काय?" बर्नर्डने विचारलं.

"मेंढीच्या कानातलं. एका वर्षी मेंढ्या चोरीला गेल्या, तेव्हापासून वॉल्टर प्रत्येक बिल्ल्याला पकडीने दोन खाचा पाडायचा. आता सगळं प्लॅस्टिक झालंय."

"तुमच्या मेंढ्या आणखी कुठे चरायला जायच्या?"

"कुठे जाणार? एवढं एकच कुरण आहे माझं. पलीकडे युंग्जची शेतं. थोरल्ड युंग्जला मेंढी दिसली की तो बंदूक काढतो, गमतीने म्हणा."

फाटक उघडताच खड्डा दिसला. लार्टरबाई गुडघ्यावर बसल्या.

"बर्नर्ड, काय दिसतं?"

"खड्डा."

"आणखी?"

बर्नर्डने डोकं खाजवलं. "चौकोनी खड्डा. गवत तीन बाजूंनी कापलंय, चौथ्या बाजूला तसंच. वहीचं पान उलटावं तसं उलटून ठेवलंय. माती एका बाजूला, नीट ढिगात. आसपास गवतात कणही नाही."

"शाब्बास. आता मिस्टर थर्टलना विचारून ये, ते फाटकाजवळ कधी खणतात का."

राल्फ रस्त्यावर उभा होता. त्याला आत यायची मनाई होती.

"फाटकाजवळ?" तो तिथूनच ओरडला. "शंभर वर्षांचे खिळे आणि तारा पडल्यात तिथे! यंत्र नुसतं किंचाळतं. कोण कशाला खणेल?"

लार्टरबाईंनी मान डोलावली आणि कपडे झटकले.

एवढ्यात बाईंचा पुतण्या जाइल्स आला. तिशीतला, कोरे करकरीत बूट घातलेला.

"हे बघा, स्पष्टच सांगतो," तो म्हणाला. "त्या म्हाताऱ्याची परवानगी गेली, याचा मला आनंद आहे. हे कुरण दोन दिवसांच्या मेळाव्याला द्यायचं म्हणून मी केव्हाचा मागे लागलोय. दोनशे डिटेक्टरवाले येतील, प्रत्येकजण तिकीट काढेल. पण आत्याचं एकच, वॉल्टरने शब्द दिलाय. घ्या, आता शब्दच बुडाला."

"तुम्ही गावच्या हॉलमध्ये जाता?"

"दर शुक्रवारी. डार्ट्‌स खेळायला. का?"

"सहजच. जाता जाता एक काम कराल? आत्याबाईंचे ते कंद तसेच पडलेत. एखादा लावून द्या ना. माझे गुडघे दुखतात."

मघाशी त्याच गुडघ्यांवर त्या बसल्या होत्या, हे बर्नर्डच्या ध्यानात आलं.

जाइल्सने फावडं घेतलं. पहिल्या घावात हिरवळीचा भलामोठा लचका निघाला, दुसऱ्यात त्याच्या कोऱ्या बुटांवर माती उडाली. कंद उलटा लागला. खिडकीतून कॅचपोलबाई ओरडल्या, "जाइल्स! बागेत रानडुक्कर शिरलंय का?"

परतताना बर्नर्ड ठासून म्हणाला, "हाच तो. त्याचा फायदा आहे, हॉलमधलं कपाट त्याला उघडं आहे, आणि मनातही काळंबेरं आहे."

"आहे खरं," लार्टरबाई म्हणाल्या. "पण तू त्याच्या हाताकडे पाहिलं नाहीस."

*

ओढ्यापलीकडे युंग्जचं शेत होतं. बीट काढून नेल्यामुळे जमीन उघडी, पिवळसर आणि गारगोट्यांनी भरलेली होती. थोरल्ड युंग्ज ट्रॅक्टरवरून उतरला. माणूस खूश होता.

"ऐकलं असेलच तुम्ही! माझ्या शेतात चांदीची नाणी! त्रेसष्ट! डेसमंड बनला सापडली, ऑक्टोबरच्या शेवटी. दहा वर्षं मी त्याला फिरू देतोय, एकदाचं काहीतरी निघालं. संग्रहालयाच्या बाईंकडे रीतसर नोंद झाली. कोणत्यातरी राजाची आहेत. मला काय, मी राजाचं नाव विचारलं नाही, माझा अर्धा वाटा विचारला!"

तो पोट धरून हसला आणि खिशातून फोन काढून त्याने फोटो दाखवला.

"वा!" बर्नर्ड म्हणाला. "काय सुंदर! एकालाही ओरखडा नाही."

"कुठे सापडली?" लार्टरबाईंनी विचारलं.

"ते बघा, खांब पुरलाय तिथे. तीन दिवस एक एक करून वेचली. मडकं नांगराने फोडून नाणी पांगली असणार, असं बन म्हणाला. बरोबर आहे. आजोबांपासून दरसाल नांगर फिरतोय इथे. बीट, बार्ली, पुन्हा बीट. गवताची काडी नाही, जनावराचा खूर नाही."

लार्टरबाई बरोबर आलेल्या राल्फकडे वळल्या. "तुमचं यंत्र गाडीत आहे ना? त्या खांबाभोवती दहा पावलं फिरवाल?"

राल्फ मागे सरला. "हे डेसमंडचं शेत आहे. त्याला विचारल्याशिवाय मी यंत्र लावणार नाही. आमच्यात तसं करत नाहीत."

"अहो, शेत माझं की डेसमंडचं?" युंग्ज म्हणाला. "मी सांगतो ना, फिरवा!"

राल्फने नाइलाजाने यंत्र काढलं. खांबाजवळ जाताच ते वाजू लागलं. एक पाऊल, एक आवाज. तो हळूच वाकून खणायचा आणि निघालेली वस्तू बर्नर्डच्या हातात द्यायचा. काडतुसाचं पितळी बूड. चॉकलेटची चांदी. वाकडा खिळा. पुन्हा काडतूस. डब्याची कडी. आणखी दोन काडतुसं.

"कबुतरं मारतो मी इथे," युंग्जने खुलासा केला.

बर्नर्डची ओंजळ भरली. "नुसता कचरा! हा टाकू कुठे?"

"टाकायचा नाही!" राल्फ पहिल्यांदाच जोरात बोलला. "जमिनीतून निघालं ते परत जमिनीत घालायचं नाही. थैलीत घ्यायचं, घरी न्यायचं. नाहीतर पुढच्या वेळी त्याच खिळ्यासाठी पुन्हा वाकाल. हा पहिला धडा."

"सगळेच असं करतात?" लार्टरबाईंनी विचारलं.

"चांगले करतात. डेसमंड तर माझ्यापेक्षाही काटेकोर. तो फिरून गेला की जमीन..." राल्फ थांबला. खांबाकडे बघत त्याने कपाळावर आठ्या घातल्या, मग मान झटकली. "थकलो असेन मी," तो म्हणाला.

*

डेसमंड बनच्या शेडमध्ये सगळं जागच्या जागी होतं. भिंतीवर खुरपी उतरत्या क्रमाने टांगलेली. फळीवर काचेच्या बरण्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. तो स्वतः किरकोळ, हसतमुख, जरा जास्तच आदबशीर.

"राल्फसाठी आलात ना? बरं केलंत," त्याने केक कापला. "माझ्या भावासारखा आहे तो. त्याने मुद्दाम केलं, असं मी कधीच म्हणणार नाही. पण ऑपरेशननंतर माणूस बदलतो. औषधं जड असतात. खणलं आणि बुजवायचं विसरला, असंही होऊ शकतं. मी बाईंना तेच सांगितलं, राग धरू नका म्हणून."

"तुम्ही स्वतः जाऊन सांगितलंत?"

"शनिवारीच. दोस्तासाठी एवढं नको करायला?"

"आणि सोमवारी ते तिथे जाणार होते, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"त्याने मला सांगितलं नाही, असं काही या जगात नाही," डेसमंड हसला. "केक घ्या, मिस्टर मॉब्ज."

बर्नर्ड केक खात बरण्या बघत होता. "या कशाच्या?"

"कचऱ्याच्या. शेतागणिक, हंगामागणिक. वर्षाअखेर भंगारवाल्याला देतो. राल्फ हसतो मला. पण त्यानेच लावलेली सवय आहे."

शेवटच्या बरणीवर लिहिलं होतं: 'या शरदातलं - युंग्ज'. बर्नर्डने ती हलवली. खिळे, एक घोड्याच्या नालाचा तुकडा, एक बक्कल, तीनचार वाकलेले पत्र्याचे बिल्ले.

लार्टरबाईंनी एक बिल्ला उचलला आणि त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. तो दोन ठिकाणी अडखळला.

"हे काय असतं हो?"

"मेंढ्यांचे बिल्ले. आपल्या नॉरफक परगण्यात कुठेही खणा, हे निघतातच."

"मजेशीर आहे. मला एक देता?"

"एक काय, मूठभर घ्या. कचराच तो!"

बाहेर आल्यावर बर्नर्ड म्हणाला, "भला माणूस. पण मॉड, एक सांगू? मला आता राल्फच वाटतोय. विसरला असेल बिचारा."

"बर्नर्ड, तुला उद्या जरा चालायचंय," लार्टरबाई म्हणाल्या. "कानाला हेडफोन लावून."

*

कॅचपोलबाईंनी परवानगी दिली, पण मोजूनमापून. "तुम्ही जा, मिस्टर मॉब्ज जाऊ देत. मिस्टर थर्टल फाटकाबाहेर."

म्हणून बर्नर्डने राल्फचं यंत्र धरलं आणि राल्फ फाटकावर हात टेकून ओरडून शिकवू लागला.

"खाली धर! जमिनीला टेकव जवळजवळ! झाडू मारतोयस की पाहुण्यांना ओवाळतोयस?"

"माझे कान फुटतील!" बर्नर्ड ओरडला. "मांजरांचं भांडण चाललंय यात!"

"फाटक आहे ते. पुढे हो!"

बर्नर्ड पुढे झाला. कुरणाच्या मधोमध कधी चिरका, कधी जाड आवाज येत राहिला. लार्टरबाईंनी त्याला ओढ्याकडे वळवलं, म्हाताऱ्या ओकच्या झाडाखाली. इथलं गवत पिवळं आणि कोरडं होतं. त्याने डावीकडून उजवीकडे यंत्र फिरवलं, मग उजवीकडून डावीकडे. वीसेक पावलांचं रिंगण पुरं केलं.

"अहो, बंद पडलं हे!" तो ओरडला. "काहीच ऐकू येत नाही. देवळात बसल्यासारखं वाटतंय."

"बॅटरी बघ!" राल्फने हाक दिली.

लार्टरबाईंनी खिशातलं नाणं गवतात टाकलं. यंत्र स्वच्छ वाजलं.

"बॅटरी ठीक आहे," त्या मोठ्याने म्हणाल्या.

बर्नर्डने वळून पाहिलं. राल्फ फाटकाचा आडवा दांडा दोन्ही हातांनी धरून उभा होता. काठी केव्हाच खाली पडली होती.

*

गुरुवारी दुपारी दोन वाजता सगळे फाटकाशी जमले. कॅचपोलबाई, जाइल्स, थोरल्ड युंग्ज, डेसमंड बन. राल्फ बाहेरच्या बाजूला उभा होता, एकटा. डेसमंडने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. राल्फने तो काढला नाही. पण त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"खड्ड्यापासून सुरुवात करू," लार्टरबाई म्हणाल्या. शाळेत फळ्यासमोर उभं राहावं तशा त्या उभ्या होत्या. "नीट पाहा. तीन बाजूंनी कापलेलं गवत, पानासारखं उलटलेलं. हे सराईत हाताचं काम आहे. जाइल्स, तुम्हाला एक कंद लावता येत नाही. तुम्ही सुटलात."

"आभारी आहे," जाइल्स पुटपुटला.

"पण सराईत माणूस फाटकाजवळ खणतच नाही. इथे यंत्राला काही उमगत नाही. मग इथे का खणलं? सकाळी बाईंच्या नजरेस पडावं म्हणून. चोर लपून खणतो. हा खड्डा दाखवण्यासाठी खणलेला आहे, आणि त्यात खुरपं ठेवलेलं आहे. आपल्या बायकोची आठवण असलेलं खुरपं कोणी खड्ड्यात विसरून जात नाही."

कॅचपोलबाईंनी राल्फकडे पटकन पाहून नजर वळवली.

"म्हणजे कोणालातरी राल्फ थर्टलची परवानगी घालवायची होती. तीही सोमवारच्या आत. का? या कुरणात असं काय होतं, जे फक्त त्यांनाच कळलं असतं? यासाठी आधी पलीकडच्या शेतात जावं लागेल. मिस्टर युंग्ज, नाणी नांगराने पांगली म्हणता. तुमच्या आजोबांपासून नांगर त्या जमिनीवर फिरतोय, गारगोट्या घासताहेत. आणि त्रेसष्ट नाण्यांपैकी एकावर ओरखडा नाही?"

युंग्जचा जबडा हळूहळू खाली आला.

"दुसरी गोष्ट. त्या खांबाभोवती मिस्टर बन तीन दिवस नाणी वेचत होते. यंत्राला कचरा आणि चांदी डोळ्यांनी दिसत नाही. आवाज आला की खणावं लागतं. आणि चांगला माणूस कचरा परत पुरत नाही. मग तीन दिवसांनंतर तिथली जमीन कशी असायला हवी?"

"रिकामी," बर्नर्ड म्हणाला. मग त्याचे डोळे मोठे झाले. "पण माझी तर ओंजळ भरली!"

"हो. तिथे कोणी तीन दिवस सोडाच, तीन तासही खणलेलं नाही. आणि या कुरणात फाटकापाशी गोंगाट, मधोमध गोंगाट. फक्त ओकखाली, वीस पावलांच्या रिंगणात, एक खिळाही नाही. कोणीतरी तिथला कणन् कण वेचून नेलाय. तो कोपरा या उन्हाळ्यापर्यंत पाण्याखाली होता. तो वाळला तेव्हा मिस्टर थर्टल इस्पितळात होते. आणि तिथे खणण्याचा आपला बेत त्यांनी एकाच माणसाला सांगितला होता, बिछान्यात पडल्या पडल्या."

डेसमंडचा हात राल्फच्या खांद्यावरून खाली आला.

"हे सगळं तर्कट आहे," तो शांतपणे म्हणाला. "ओकखाली कोणीही खणलं असेल."

"कोणीही," लार्टरबाईंनी मान्य केलं. त्यांनी फाटकाची किल्ली वर धरली, बिल्ल्यासकट. दुसऱ्या हातात दुसरा बिल्ला होता. "हा वॉल्टर कॅचपोलनी पकडीने दोन खाचा पाडलेला. आणि हा तसाच, दोन खाचांचा. तुम्ही मला प्रेमाने दिलेला. 'या शरदातलं - युंग्ज' असं लिहिलेल्या बरणीतून."

"माझ्या शेतात मेंढीचा बिल्ला?" युंग्ज गरजला. "आमच्या तीन पिढ्यांत मेंढी आली नाही तिथे!"

"नाही आली. आणि तुम्ही इतकी काडतुसं उडवता, तर त्या बरणीत एक तरी बूड असायला हवं होतं. एकही नव्हतं. मिस्टर बन, इथली नाणी इथली म्हणून सांगितली असती, तर विनापरवाना शिरल्याचा गुन्हा आणि नाणीही हातची गेली असती. म्हणून ती ओढा ओलांडून पलीकडे गेली. सगळं जमलं होतं. एकच माणूस उरला होता. बावीस वर्षं ही जमीन ऐकलेला. तो सोमवारी ओकखाली यंत्र घेऊन गेला असता, तर ती मुकी झालेली जमीन त्याला एका मिनिटात सगळं सांगून गेली असती. कारण मागे एवढी शांतता ठेवून जाणारा माणूस त्याच्या ओळखीत एकच होता."

वारा नव्हता. ओढ्याकडे एक कावळा ओरडला.

"डेस," राल्फ म्हणाला. आवाज अगदी साधा होता, वेळ विचारावी तसा. "मला सांगितलं असतंस, तर मी बाईंकडे तुझ्यासाठी शब्द टाकला असता."

डेसमंडचा चेहरा पहिल्यांदाच बदलला.

"बावीस वर्षं टाकला नाहीस! दर रविवारी तिसऱ्याच्या शेतात मला घेऊन जायचास, आणि बाकीचे दिवस इथे एकटा. माझं कुरण, माझा ओक, माझा कोपरा. मी संत्री सोलायचो आणि तू मला त्या कोपऱ्याच्या गोष्टी सांगायचास. मी काय दगड होतो?"

"तू कधी विचारलं नाहीस."

"तूही कधी विचारलं नाहीस."



"ते चुकलं माझं," राल्फ म्हणाला. "पण नोराचं खुरपं, डेस? दुसरं कोणतंही घ्यायचंस. तुझ्या व्हॅनमध्ये माझी आणखी चार होती."

डेसमंडने खिशातून व्हॅनची किल्ली काढली.

"संग्रहालयाच्या बाई पाचपर्यंत असतात," लार्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही स्वतः जाऊन सांगितलंत तर बरं. सव्वापाचला मी फोन करणार आहे."

डेसमंड व्हॅनकडे गेला. मागचं दार उघडून त्याने राल्फची चार खुरपी आणि गुडघ्याखाली घ्यायची गादी काढली, रस्त्याकडेच्या गवतावर ओळीने मांडली, लहानमोठी बघून. मग निघून गेला.

युंग्जने टोपी काढली, पुन्हा घातली आणि कॅचपोलबाईंना म्हणाला, "तुमच्या नाण्यांचा फोटो मी इतके दिवस खिशात घालून मिरवला की हो." जाइल्स केव्हाच घरात शिरला होता.

कॅचपोलबाई फाटकाशी आल्या. एप्रनच्या खिशातून त्यांनी लाल टेपचं खुरपं काढलं. धुऊन पुसून स्वच्छ केलेलं.

"मी एकदा तरी विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "फोन करून. 'तुम्ही केलंत का?' एवढं. वॉल्टरने विचारलं असतं." त्यांनी फाटक पूर्ण उघडलं. "आत या, राल्फ."

राल्फ आत आला. सरळ तो खड्ड्याशी गेला आणि काठी बाजूला ठेवून हळूहळू, दुखऱ्या खुब्याला सांभाळत गुडघ्यावर बसला. बर्नर्ड मदतीला धावला तेव्हा त्याने नको म्हणून मान हलवली.

खुरप्याने त्याने माती परत लोटली, थर थर दाबत. मग गवताचं पान उलटून जागेवर बसवलं. कडा कडेला अचूक भिडली. तळव्याने त्याने ती दाबली, आणि खड्डा कुठे होता ते दिसेनासं झालं.

"किती सफाईने कापलंय बघा," तो कोणाकडेही न बघता म्हणाला. "पहिल्या वर्षी त्याला हे जमायचंच नाही. मी शिकवलं."